नोटेमागे खरंच सोनं असतं का?

यावलकर_शेतकरी
मंडळी, शंभरच्या नोटेवर गव्हर्नरची सही आहे आणि लिहिलंय की धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन देतो. देणार काय, दुसरी शंभरची नोटच ना? आमचे आबा म्हणतात सरकारकडे तेवढं सोनं असतं. खरंय का? नसेल तर वर्षभर राबून पिकवलेला माल आपण त्या कागदावर का देऊन टाकतो?

बँकवाला_जळगाव
नाही भाऊ, तसं नाही राहिलं आता. १९५७ पासूनच्या कायद्यात रिझर्व्ह बँकेला सोनं आणि परकीय रोखे मिळून कमीत कमी २०० कोटींचं ठेवावं लागतं, त्यात सोनं ११५ कोटींचं, आणि नोटा फिरतायत तीस लाख कोटींच्या वर. बँकेकडे सोनं याहून पुष्कळ आहे पण तुमच्या नोटेवर ते कोणी देणार नाही. अमेरिकेचा डॉलर ३५ डॉलरला एक औंस सोनं असा बांधलेला होता, तेही १५ ऑगस्ट १९७१ ला त्यांचे अध्यक्ष निक्सन यांनी बंद केलं. एक रुपयाची नोट बघा, तिच्यावर वचनच नाही, अर्थ सचिवाची सही. तरी चालते, कारण सरकार टॅक्स याच पैशात घेतं आणि उद्या समोरचा ही घेईल याची प्रत्येकाला खात्री असते.

अमळनेरची_लेक
दादा, आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार म्हणजे वर्षाचा शेतगडी ठरायचा तेव्हा रोख आणि वर धान्य असं ठरायचं. सालदाराच्या घरची बाई धान्याचाच आग्रह धरायची, बरोबरच होतं तिचं, रोख आखाजीला ठरून जायची आणि पुढे ज्वारी महागली की त्याच पैशात पोतं कमी यायचं. तिला सोन्याचं काय करायचं होतं, तिला वर्षभराची भाकरी पक्की हवी होती.

यावलकर_शेतकरी
ताई पटलं. पण मग केळीचं बघा, सकाळी रावेर-बऱ्हाणपूरचा भाव एक निघतो आणि गाडी बागेत लागली की व्यापारी दुसराच सांगतो, घड तोच, खत-पाणी तेच. घड पिकायला लागला की मी थांबू शकत नाही, त्याचा पैसा थांबू शकतो, तिथेच मी मार खातो. कापूस तरी घरात भरून ठेवता येतो, अंगाला खाज सुटते पण लोक ठेवतात भाव येईपर्यंत. ज्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला तेही जमत नाही, मार्च एन्डला तिथे कापूस घेत नाहीत, रुपयेच भरावे लागतात.