एकदा तारण झालं की ते कायमचं का? आजीला काय सांगू

नगरची_पोर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा चुलतभाऊ, आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो. २०१३ च्या मे महिन्यात एका युवक शिबिरात तो येशूला स्वीकारायला पुढे गेला, रडला, प्रार्थना केली, आणि पावसाळ्यात एका शेततळ्यात त्याचा परत बाप्तिस्मा झाला (तान्हा असताना चर्चमधे झालेला तो धरायचा नाही असं त्या लोकांचं म्हणणं, त्यावरून घरात तेव्हा काय रामायण झालं ते वेगळंच). शिबिरात सांगितलं होतं की तारणाची (म्हणजे पापातून सुटका झाल्याची) तारीख बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सैतानानं मनात शंका घातली की ती तारीख दाखवायची. दादानं निळ्या पेनानं तारीख लिहिली आणि खाली सही ठोकली, प्रगतिपुस्तकावर करतात तशी.

गेली पाच-सहा वर्षं तो चर्चला येत नाही. मागच्या नाताळात आजीनं जेवणाआधी त्याला प्रार्थना करायला सांगितलं तर म्हणाला, आजी मला नको धरूस, माझा आता या कशावर विश्वास नाही, तोंडदेखलं करणार नाही. भांडला असता तर परवडलं असतं, शांतपणे बोलला म्हणून जास्त लागलं. आजी ताटावरून उठली.

ते बायबल आता आजीकडे आहे. येईल त्याला ती ते पान उघडून दाखवते आणि विचारते, याचं तारण आहे का गेलं? पुण्यात मी ज्या फेलोशिपला जाते तिथले पास्टर म्हणतात तारीख आहे ना मग काळजी सोडा, मुलगा रुसला म्हणून मुलगा असायचा राहतो का. नगरचे आमचे पाळकसाहेब म्हणतात असं नाही बाई, इब्री ६ काढून वाचा, विश्वास सोडून पडलेल्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य असं तिथं लिहिलंय. आजीनं ते वाचलं आणि तेव्हापासून रात्रीची झोपत नाही. दोघंही एकाच पुस्तकातून बोलतात, मग खरं काय?

विसारपावती:
ताई, आधी आजीला इब्री बंद करून योहान १० उघडायला सांगा. मेंढरांना माझ्या हातातून कुणीच हिसकावून घेणार नाही असं प्रभू म्हणतो, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो पित्याच्याही हातातून नाही, म्हणजे दोन हात झाले. रोम ८ च्या शेवटी पौल मरण, जीवन, आताच्या गोष्टी, पुढच्या गोष्टी सगळं मोजून सांगतो की यातलं काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही. माझं सगळ्यात आवडतं इफिस १:१४. पवित्र आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे, मराठी बायबलमधे हाच शब्द आहे, विसार. जमिनीचा व्यवहार केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. विसार देवानं दिलाय, आपण नाही. आता व्यवहार मोडला तर बुडणार कोणाचं? आणि देव विसार बुडवून व्यवहार मोडणारा आहे का?

तारण कामानं मिळत नाही असं एकदा म्हटल्यावर ते कामानं जाईल कसं? आजीला सांगा, नातवानं हात सोडला असेल, देवानं सोडलेला नाही.

मेथडिस्ट_घरचा:
विसारपावती भाऊ, उदाहरण झकास आहे पण अर्धंच सांगितलंत. विसार घेणाराच उद्या म्हणाला की मला ही जमीन विकायचीच नाही तर? मेंढराला हातातून कुणी हिसकावणार नाही हे कबूल, पण मेंढरू स्वतःच उडी मारून गेलं तर काय ते त्या वचनात कुठंय? त्याच योहानात पाच अध्याय पुढे द्राक्षवेल आहे. माझ्यात राहिला नाही तर फांदीसारखा बाहेर टाकला जातो, वाळतो, गोळा करून जाळतात. फांदी वेलात होती म्हणूनच तोडली ना, बाहेरची फांदी कोण तोडायला जातं? आणि पौलासारखा माणूस १ करिंथ ९ मधे म्हणतो मी दुसऱ्यांना उपदेश करून स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून शरीराला ताब्यात ठेवतो. त्याला भीती होती आणि आपल्याला नाही?

तारखेबद्दल म्हणाल तर आमच्या मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीकडेही तारीख होती. २४ मे १७३८, लंडनमधे आल्डर्सगेट स्ट्रीटवरची सभा, रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं आणि साधारण पावणेनऊला त्याला मनात ऊब जाणवली, वेळेसकट रोजनिशीत लिहून ठेवलंय त्यानं. तरी हाच वेस्ली जन्मभर शिकवत राहिला की कृपेतून माणूस पडू शकतो. म्हणजे तारीख खोटी नाही, पण तारीख म्हणजे विम्याची पॉलिसीही नाही.

तुमच्या पाळकसाहेबांचं शिक्षण बरोबर आहे, पण ८० च्या पुढच्या बाईला एकटीनं इब्री ६ वाचायला सांगणं, हे मात्र मला पटलं नाही. ते पत्र कुणासाठी लिहिलं ते सांगायला नको का? छळाला कंटाळून ख्रिस्त सोडून मागे फिरायला निघालेल्यांना तो दम आहे. पाय अजून उंबरठ्यात असलेल्यांना. आणि त्याच अध्यायात ९ व्या वचनात लेखक लगेच म्हणतो की तुमच्याबद्दल आमची याहून चांगली खात्री आहे. तिथपर्यंत आजी पोचल्या का विचारा.

टपोरी_मत्तय:
म्हणजे एकदा प्रार्थना म्हणायची आणि लाइफटाइम व्हॅलिडिटी, रिचार्जची भानगडच नाही. भारी स्कीम आहे 😄

जुना_वाचक:
मत्तय, हसतोयस पण टोला बरोबर बसलाय, कारण "तारीख आहे ना मग काळजी सोडा" हे कॅल्विननं (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक, देवानं निवडलेला शेवटपर्यंत टिकतोच असं शिकवणारा) कधी म्हटलंच नव्हतं. लोक सरसकट कॅल्विनच्या नावावर खपवतात. तारीखवाले वेगळे आणि कॅल्विनवाले वेगळे.

हा वाद नीट पेटला हॉलंडमधे. कॅल्विनवाल्यांशी न पटलेला तिथला धर्मपंडित आर्मिनियस १६०९ ला वारला, त्याच्या मागच्या लोकांनी १६१० ला पाच कलमं लिहून सरकारला दिली. मजा म्हणजे पाचव्या कलमात, खरा विश्वासणारा पूर्ण गळून पडू शकतो का या प्रश्नावर, त्यांनी लिहिलं की शास्त्रातून हे आणखी तपासायला हवं. ज्यांच्या नावावर "तारण जातं" हे शिक्षण खपतं त्यांनीच सुरुवातीला हात राखून लिहिलं होतं! उत्तर द्यायला डॉर्टला १६१८-१९ मधे मोठी परिषद भरली, आर्मिनियसच्या बाजूच्या सुमारे २०० पाळकांना कामावरून काढलं, आणि राजकारण असं मिसळलं की ओल्डनबार्नेवेल्ट नावाच्या म्हाताऱ्या मुत्सद्द्याचं १६१९ च्या मे महिन्यात डोकं उडवलं. तारण टिकतं का यावर वाद आणि डोकं मात्र टिकलं नाही.

पण डॉर्टचा मजकूर वाचा. देवाचे लोक भयंकर पापात पडू शकतात असं सरळ लिहिलंय, दावीद आणि पेत्राचं नाव घेऊन. त्यांचं म्हणणं एवढंच की देव त्यांना तिथंच पडू देत नाही, परत उभं करतो. म्हणजे खरा असेल तर शेवटपर्यंत टिकेल, आणि कायमचा निघून गेलाच तर तो मुळात खरा नव्हता, १ योहान २:१९, आपल्यातून निघाले पण आपले नव्हते. आता गंमत बघा. जो गेला आणि मरेपर्यंत आलाच नाही त्याच्याबद्दल कॅल्विनवाला म्हणतो याचं कधी झालंच नव्हतं, वेस्लीवाला म्हणतो झालं होतं, गेलं. दोघांचा निकाल एकच. आणि जो अजून जिवंत आहे त्याच्याबद्दल दोघांनाही निकाल देता येत नाही. दादा ३०-३५ चा असेल ना? मग पास्टरांनी आणि पाळकसाहेबांनी दोघांनीही घाई केली.

(या प्रश्नावर लोकांची डोकी फिरतात तेव्हा मला व्हिटफील्ड आणि वेस्ली आठवतात. दोघं प्रचारक, जिवलग मित्र, व्हिटफील्ड कॅल्विनच्या बाजूचा, याच विषयावरून छापील भांडण केलं, आणि व्हिटफील्ड १७७० ला अमेरिकेत वारला तेव्हा लंडनमधे त्याच्या आठवणीचं प्रवचन वेस्लीनंच केलं.)

वसईचा_पोऱ्या:
मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या भांडणात बाहेरचा. आमच्याकडे प्रश्नच असा पडत नाही. मोठं पाप जाणूनबुजून केलं की कृपा जाते, पश्चात्तापानं कन्फेशनला (फादरपुढे पापकबुलीला) गेलं की परत मिळते. १५४७ मधे ट्रेंटच्या परिषदेत हे ठरवून लिहिलं, आणि तिथंच असंही की देवानं खास प्रकट केल्याशिवाय मी शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी छातीठोक म्हणू नये. आशा ठेवायची, खात्रीचा तोरा नाही मिरवायचा.

जोन ऑफ आर्कची गोष्ट आजींना सांगा. १४३१, फ्रान्समधलं रुआं शहर, धर्मद्रोहाचा खटला, पोर जेमतेम १९ ची, समोर शिकलेले धर्मपंडित. विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? सापळा होता. हो म्हणाली तर गर्विष्ठ, नाही म्हणाली तर स्वतःच कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथं नेवो, असेन तर तिथंच ठेवो. प्रश्न विचारणारे थक्क झाले म्हणतात.

आणि त्या बायबलातल्या सहीवरून मला दुसरा कागद आठवला. इ.स. २५० मधे सम्राट डेशियसनं हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी द्यायचा आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत ते कागद सापडलेत, नावगाव, "माझ्यासमोर याने बळी दिला" वगैरे साक्षीसकट. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला, काहींनी नुसते पैसे चारून कागद मिळवला. छळ थांबल्यावर हेच लोक चर्चच्या दारात रडत उभे. रोमचा नोव्हेशियन म्हणाला यांना आत घ्यायचंच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा कॉर्नेलियस म्हणाले प्रायश्चित्त करू दे, वेळ लागू दे, पण दार बंद नाही. चर्चनं सिप्रियन-कॉर्नेलियसचं ऐकलं. म्हणजे विश्वास सोडल्याचा सहीशिक्क्याचा कागद असूनही ते लोक संपले नव्हते. कागदानं तारण जसं जात नाही तसं कागदानं राहतही नसेल, असं आपलं मला वाटतं.

दारातला:
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी तुमच्या दादासारखाच. पाळकाच्या घरातला, आता कुठंच जात नाही.

एक गोष्ट सांगू का. माझा विश्वास गेल्याचं दुःख मला आहेच, पण सगळ्यात जास्त लागलं ते "तुझं कधी खरं झालंच नव्हतं" हे. एका काकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, वर वचनही दिलं तोंडपाठ. अहो मी १७ वर्षांचा असताना रात्री गच्चीवर गुडघ्यावर बसून रडलोय, ते नाटक होतं? तुमच्या थिअरीचा हिशोब जुळावा म्हणून माझं मागचं आयुष्य खोटं पाडायचं? त्यापेक्षा मेथडिस्ट दादांचं "होतं, गेलं" मला परवडतं, त्यात निदान मी खोटारडा ठरत नाही. आणि फेलोशिपवाल्यांचं "तू अजून आमचाच" हेही ऐकायला गोड, पण मी नाही म्हणतोय ते कुणी ऐकतच नाही.

दादाला विचारलंत का कुणी, त्याला काय झालं ते? वर सगळे त्याच्याबद्दल बोलतायत.

मेथडिस्ट_घरचा:
दारातला, वाचून गप्प झालो. लूक १५ मधे बाप म्हणतो, हा माझा मुलगा मेला होता. माझा मुलगा पण म्हणतो आणि मेला होता पण म्हणतो. विसारपावती पहिला शब्द धरतात, मी दुसरा. बापानं दोन्ही एका दमात म्हटलंय.

विसारपावती:
हे मात्र मान्य. आणि दारातला, तुमच्या काकांच्या वतीनं मी सॉरी म्हणतो, ते वचन दुसऱ्याला मारायला नाहीये.

नगरची_पोर:
सगळ्यांचे आभार, रविवारी नगरला जाऊन आले म्हणून उशीर.

आजीला डॉर्ट वगैरे सांगायला घेतलं तर म्हणाली, ती गोऱ्यांची भांडणं मला नको. इब्रीचं ९ वं वचन वाचून दाखवलं, तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती, ६ व्यालाच पुस्तक मिटलं होतं. जोनची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि ते "नसेन तर नेवो, असेन तर ठेवो" पाठ करून टाकलं, आता दादाचं नाव घालून म्हणते. दारातलांनी लिहिलेलंही वाचलं. त्यावर बराच वेळ गप्प होती.

मग भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, पेत्रानं पण प्रभूला नाकारलं आणि यहूदानं पण विकलं, मग दोघांनाही वाईट वाटलं, यहूदानं तर पैसेसुद्धा नेऊन टाकले. तो जीव न देता तीन दिवस, प्रभू उठेपर्यंत, थांबला असता तर? मला काही सुचलं नाही. तिनं मेथीची जुडी संपवली आणि मला ताट उचलायला सांगितलं.

दादाला मी अजून काही विचारलेलं नाही. आजीनं मात्र स्वतः फोन लावला, धर्माचं अवाक्षर काढलं नाही, मोतीबिंदूच्या तपासणीला गुरुवारी तूच ने म्हणाली. तो येतो म्हणालाय.