मदत हवी आहे: घरी केलेलं कपड्यांचं लिक्विड गोठलं, पातळ कसं करू?

अबोली_०७:
घरात पाच माणसं, रोज मशीन लागतं. विकतच्या लिक्विडचा कॅन पंधरा दिवसही पुरत नाही. म्हणून साबण किसून सोड्याबरोबर उकळला आणि बादलीभर लिक्विड केलं. रात्री छान पातळ होतं. सकाळी बघते तर वर जाड थर आणि खाली नुसतं पाणी. डाव घातला की खरवसासारख्या वड्या निघतात. रवीने घुसळून एक धुणं काढलं, तर काळ्या पँटवर पांढरे ओघळ आणि पंचे वाळल्यावर कडक. आख्खी बादली पडून आहे, फेकायची नाही. पातळ कसं करायचं तेवढं सांगा. उद्या मुलांचे युनिफॉर्म धुवायचेत.

शमा_क:
साबण कुठला? सोडा कुठला, खायचा की धुण्याचा? पाणी किती घातलंत? मशीन वरून उघडणारं की समोरून? काहीच लिहिलं नाहीये.

नानाकाका:
साबण हवाच कशाला? रिठे आणा. बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे आणि गाळून घ्यायचं. आमच्या आईने रेशमी लुगडी आणि लोकरीचे कपडे आयुष्यभर त्यातच धुतले. रंग टिकतो, हातही खरखरीत होत नाहीत.

अबोली_०७:
काका, रिठ्याचं विचारलं नाहीये हो. साबण म्हणजे कपड्यांचा नेहमीचा बार. सोडा धुण्याचा. मशीन समोरून उघडणारं. आता सांगा.

लिंबूटिंबू:
सोपं आहे. दोन लिंबं पिळा, नाहीतर वाटीभर व्हिनेगर घाला. लगेच सुटं होईल.

प्रयोगशाळा:
लिंबूटिंबू, कृपया असले सल्ले देऊ नका. साबणात आम्ल घातलं की साबण फुटतो. त्यातली तेलं परत वेगळी होऊन वर येतात. मग त्या बादलीने कपडे धुतले तर तुपकट होतील.
अबोली, पाणी कुठलं आहे? नळाचं की बोअरचं?

लिंबूटिंबू:
मी फरशीला व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र वापरतो, चांगला अनुभव आहे.

प्रयोगशाळा:
दोन्ही एकत्र केलं की फसफस होते आणि एकाने दुसऱ्याचा परिणाम घालवलेला असतो. उरतं ते बहुतेक मीठपाणी. वेगवेगळं वापरलंत तर दोन्ही कामाचे आहेत.

अबोली_०७:
वाटीभर काढून लिंबू पिळून पाहिलं. फाटलं, वर तवंग आला. बादलीत घातलं नाही. आम्ही वाघोलीत राहतो, पाणी टँकरचं.

प्रयोगशाळा:
मग उलगडा झाला. टँकर बहुतेक बोअरवर भरतात, म्हणजे पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. तोच पँटवर बसला. सोड्यामुळेही त्या पाण्यातून चुना खाली बसतो, म्हणून पंचे कडक. खात्री करायची तर बाटलीत थोडं पाणी आणि साबणाचा कीस घालून जोरात हलवा. फेस न येता पाणी गढूळ झालं की समजा पाणी जड आहे.
गोठण्याचं म्हणाल तर बारचा साबण कॉस्टिक सोड्याचा (हा धुण्याचा सोडा नव्हे, साबण बनवायचा दाहक क्षार) असतो, तो गार झाला की आळतोच. पातळ साबण करायला कॉस्टिक पोटॅश हा दुसरा क्षार लागतो. गरम पाणी घालून पुन्हा उकळलंत तरी उद्या पुन्हा आळेल. विकतचं लिक्विड साबण नसतंच, ते डिटर्जंट असतं. जड पाण्यात त्याचा साका होत नाही.

धंदेवाईक_नगर:
म्हणूनच म्हणतो, किट आणा. अॅसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल), कॉस्टिक, एसएलईएस (फेसाचं रसायन), रंग, वास, सगळं केमिकलच्या दुकानात मिळतं. मी वर्षभर घरीच करतो, शेजारीही घेऊन जातात. निरमा असाच घरातून सुरू झाला, 1969 साली, अहमदाबादला.

शमा_क:
निरमा काढणारे करसनभाई पटेल रसायनशास्त्र शिकलेले होते. ह्यांच्याकडे लहान मुलं आहेत. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात उडाला तर?

धंदेवाईक_नगर:
हातमोजे आणि चष्मा घालायचा. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. मीठ मात्र बेताने. मिठाने लिक्विड घट्ट होतं, पण प्रमाण ओलांडलं की उलट पाण्यासारखं होतं. बाकी अवघड काही नाही.

नानाकाका:
रिठ्यात ही भानगडच नाही.

प्रयोगशाळा:
काका, रेशमाला आणि लोकरीला रिठा उत्तमच. पण युनिफॉर्मच्या कॉलरवरचा मळ आणि डब्याचं तेल त्याने नीट निघत नाही.

वैदेही_नाशिक:
सुती साड्यांना खळ करायची असेल तर साबुदाण्याची पेज करा, तांदळापेक्षा कडकपणा छान येतो. वस्त्रगाळ करून घ्या.

अबोली_०७:
मला कडकपणा नको आहे, तो घालवायचा आहे! बादलीचं काय करू ते सांगा कोणीतरी.

प्रयोगशाळा:
बादली मशीनमध्ये वापरू नका, ड्रमला आणि रबराला साका चिकटेल. फेकायचीही गरज नाही. पायपुसणी, फडकी, बाथरूमची फरशी, मोरी यांना वापरा. कॉलर घासायलाही चालेल, फक्त कडकडीत पाण्याने लगेच खळबळून काढा.
पँट आणि पंचे साध्या पावडरच्या गरम पाण्यात तासभर भिजवा. मग धुऊन शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.
पैसे वाचवायचेत तर लिक्विड सोडून मशीनची पावडर घ्या. जड पाण्यासाठी तिच्यात सोडा असतोच, बहुतेकदा स्वस्तही पडते. मापाचं झाकण काठोकाठ भरू नका. रोजच्या घामट कपड्यांना निम्म्याने सुरुवात करा, मळ राहिला तर वाढवा. मशीनही पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. यात जेवढं वाचेल, तेवढं साबण किसून वाचणार नाही.

धंदेवाईक_नगर:
किटचं लिक्विड त्याहून स्वस्त पडतं. माझ्याकडे हिशोब आहे.

शमा_क:
मग त्यात गॅस आणि तुमचा रविवार धरला आहे का तेही लिहा.

अबोली_०७:
पँट स्वच्छ निघाली. पंचे पुन्हा भिजत घातलेत. युनिफॉर्म आज पावडरनेच धुते. पण ज्यात उकळलं ते पातेलं आतून काळं पडलंय, घासून जात नाही.

शमा_क:
अॅल्युमिनियमचं ना? आधी सांगायचं ताई. सोड्याने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. चिंच किंवा लिंबाची सालं घालून पाणी भरा, दहा मिनिटं उकळा, मग घासा. आणि पुढे सोडा उकळायचा असेल तर स्टीलचंच घ्या.