अन्वर सादात यांनी इस्रायलशी तह केला ते बरोबरच होतं

गोदाकाठ:
2024 च्या जानेवारीत आमच्या निफाड भागातला माल युरोपला निघाला तो सुएझमधून गेलाच नाही. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले चालू होते, म्हणून न्हावाशेव्याहून सुटलेली जहाजं पार आफ्रिकेला वळसा घालून गेली. दोन आठवडे जास्त लागले, भाडं भरमसाट वाढलं. द्राक्षाचा मणी तग धरतो, पण देठ वाळला की तिकडचा खरेदीदार पेटी बाजूला काढतो. जहाज कुठवर पोचलं ते फोनवर बघत दिवस काढले. तेव्हापासून इजिप्तबद्दल मिळेल ते वाचतोय आणि माझं एक मत पक्कं झालंय. 1979 चा इस्रायलबरोबरचा तह हा इजिप्तच्या राज्यकर्त्याने आपल्या लोकांसाठी घेतलेला सर्वात मोठा निर्णय होता.

त्याआधीचं बघा. 1948, 1956, 1967, 1973. पंचवीस वर्षांत चार युद्धं. 1967 च्या पराभवात कालव्यापलीकडचं सिनाई इस्रायलकडे गेलं, कालवा बंद पडला तो आठ वर्षं. काठावरची सुएझ, इस्माइलिया, पोर्ट सैद ही शहरं तोफांच्या माऱ्यामुळे रिकामी करावी लागली. 1973 च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या सैन्याने पाण्याच्या पंपांनी इस्रायलचा वाळूचा बांध फोडून कालवा ओलांडला आणि गेलेली पत परत मिळवली. पण तिजोरी रिकामीच होती. 1977 च्या जानेवारीत सरकारने अन्नधान्याची सबसिडी कापली तर कैरोपासून आस्वानपर्यंत दंगली पेटल्या आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला गेले आणि शत्रूच्या संसदेत उभं राहून बोलले. 1982 च्या एप्रिलपर्यंत सिनाई परत आलं, सीमेवरचं ताबा नावाचं उरलेलं ठिकाण 1989 मध्ये लवादातून मिळालं. सीरियाने तह केला नाही, त्यांचं गोलान आजही गेलेलंच आहे. सादातांनी या निर्णयाची किंमत जिवाने चुकवली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

सुलभा_इतिहास:
गोदाकाठ, तुमची कळकळ समजते, पण मी अजिबात सहमत नाही. तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सादातांचा हा निर्णय त्यांच्याच माणसांना पटला नव्हता. परराष्ट्रमंत्री इस्माइल फहमी यांनी जेरुसलेमच्या दौऱ्यावरून राजीनामा दिला. त्यानंतर आलेले मोहम्मद इब्राहिम कामेल यांनी तर अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला तहाच्या वाटाघाटी चालू असताना, तिथल्या मुक्कामातच दिला. दोघेही मुरलेले मुत्सद्दी. त्यांचा आक्षेप शांततेला नव्हता. इजिप्त एकटा बाजूला झाला तर पॅलेस्टिनींच्या मागे कुणी उरणार नाही, ही त्यांची भीती होती. तसंच झालं. कॅम्प डेव्हिडच्या मसुद्यात पॅलेस्टिनी स्वायत्ततेचं कलम होतं, ते कागदावरच राहिलं. अरब लीगने इजिप्तला निलंबित केलं, मुख्यालय कैरोहून ट्युनिसला हलवलं. आणि दक्षिणेची काळजी मिटल्यावर 1982 मध्ये इस्रायलने लेबनॉनमध्ये बैरुतपर्यंत सैन्य नेलं.

घरात काय चाललं होतं तेही सांगा ना. 1981 च्या सप्टेंबरात सादातांनी दीड हजारांवर लोक तुरुंगात टाकले. डावे, इस्लामवादी, पत्रकार, वकील, सगळे. महिन्याभरात त्यांची हत्या झाली आणि आणीबाणीचा कायदा लागला तो त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या सबंध कारकिर्दीत उठला नाही. तहामुळे अमेरिकेकडून दरवर्षी 1.3 अब्ज डॉलरची लष्करी मदत येते. ती लष्कराला मिळते, लोकांना नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये कैरोच्या राबा चौकात एका दिवसात शेकडो निदर्शक मारले गेले. ह्यूमन राइट्स वॉचने किमान 817 मृत्यूंची नोंद केली. त्यानंतर मदतीचा काही भाग थांबवला गेला आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. शांतता टिकली हे खरंच. तिचं फळ मात्र गणवेशातल्यांच्या पदरात पडलं.

दर्यावर्दी:
मी जहाजावर होतो, सुएझ कितीदा पार केला ते मोजलं नाही. जहाजांचा काफिला पहाटे आत शिरतो. इस्माइलियाला पायलट बदलतो. डाव्या-उजव्या हाताला बघितलं की दोन वेगळे देश वाटावेत, आफ्रिकेच्या बाजूला खजुरीची झाडं, शेतं, रेल्वे, आणि सिनाईच्या बाजूला नुसती वाळू. त्या वाळूत ऑक्टोबर युद्धाचं स्मारक उभं आहे, रायफलच्या नळीचं आणि संगिनीचं. जहाजावरून ते कितीतरी वेळ दिसत राहतं.

कॅडेट असताना आम्हाला जुने कॅप्टन 1967 ची गोष्ट सांगायचे. ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा मालवाहू जहाजं अडकली ती आठ वर्षं. वाळू बसून बसून पिवळी पडली. शेवटी फक्त दोन जर्मन जहाजं स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली. त्या तळ्यात नांगर टाकून थांबलो की मला दर वेळी त्यांची आठवण यायची. तेव्हा तहाचं मोल मला कुणी शिकवायला नको.

पण गोदाकाठ, तुमचीच द्राक्षं बघा. तह होता, तरी 2024 मध्ये कालवा ओस पडला. वर्षाला सुमारे दहा अब्ज डॉलर देणाऱ्या कालव्याचं उत्पन्न चार अब्जांवर आलं. एकही गोळी कालव्यावर झाडली गेली नव्हती. लढाई गाझात होती, क्षेपणास्त्रं येमेनमधून सुटत होती, आणि भुर्दंड इजिप्तला. सादातांनी आपला काठ सुरक्षित केला. पॅलेस्टिनींचा प्रश्न मागे सोडला, तो बाब-अल-मंदेबच्या, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या वाटेने परत आला.

गोदाकाठ:
दर्यावर्दी, हा मुद्दा मी असा पाहिलाच नव्हता. तरीही एक विचारतो. गाझातल्या लोकांना सिनाईत ढकलण्याची भाषा झाली, तेव्हा इजिप्तने ठाम नकार दिला. तो नकार अमेरिकेला आणि इस्रायलला ऐकून घ्यावा लागला, कारण दोघांनाही हा तह हवा आहे. युद्धबंदीच्या वाटाघाटी कतारइतक्याच कैरोतूनही झाल्या. 2025 च्या ऑक्टोबरची शिखर परिषद शर्म अल-शेखला, म्हणजे परत मिळवलेल्या त्याच सिनाईत भरली. बाहेर बसून बहिष्कार घालणाऱ्याला हे जमलं असतं का?

आणि इजिप्त अमेरिकेच्या ओंजळीने पाणी पितो असंही नाही. राफेल फ्रान्सकडून घेतली, एल दाबाचा अणुप्रकल्प रशिया बांधतोय, 2024 पासून ब्रिक्समध्ये आहे.

सुलभा_इतिहास:
नकार दिला, ते योग्यच केलं. पण त्याच काळात इस्रायलकडून नैसर्गिक वायू घेणं चालूच होतं, कारण उन्हाळ्यात कैरोत वीज पुरत नव्हती. देणेकरी देशाचा आवाज किती चढणार?

एक शब्द सांगते. इजिप्तची माणसं भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. मूळ अरबीत त्याचा अर्थ जगणं. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि चैनीसाठी वापरला जाऊ लागला. तिकडे ऐश म्हणजे रेशनवरची गोल, पातळ, कोंड्याची भाकरी. 2011 मध्ये तहरीर चौकातल्या घोषणेत पहिला शब्द तोच होता, ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया’. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. 2024 च्या फेब्रुवारीत रास अल-हिक्मा हा भूमध्य समुद्राचा किनारा विकसित करण्यासाठी अमिरातीने 35 अब्ज डॉलरचा करार केला. मार्चमध्ये नाणेनिधीने कर्ज तीनवरून आठ अब्जांवर नेलं आणि इजिप्तचा पाउंड कोसळला. जूनमध्ये रेशनची भाकरी 5 पियास्टरवरून (शंभर पियास्टरचा एक पाउंड) 20 वर गेली. तीस-पस्तीस वर्षांत पहिली वाढ, तीही चौपट. 1977 मध्ये लोक रस्त्यावर आले होते. या वेळी कुणी आलं नाही, कारण येण्याची सोयच ठेवलेली नाही. या तिन्ही शब्दांचं पुढे काय झालं, हे पैसे देणाऱ्यांपैकी कुणी नेटाने विचारत नाही.

पैठणकर_जा:
नाईलचं कुणी काही बोललंच नाही! तहानंतर सादात म्हणाले होते की आता इजिप्त युद्धात उतरला तर पाण्यासाठीच. इथिओपियाचं मोठं धरण 2020 पासून भरत गेलं, 2025 मध्ये उद्घाटनही झालं. इजिप्त काही करू शकला नाही. 1959 च्या इजिप्त-सुदान करारात 55.5 अब्ज घनमीटर पाणी इजिप्तच्या वाट्याला लिहिलेलं आहे, पण पाणी जिथून येतं त्या इथिओपियाला तेव्हा विचारलंच नव्हतं. गोदाकाठ, तुम्ही वरच्या अंगाचे, आम्ही जायकवाडीच्या खाली. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गोदाकाठ:
नको. गंगापूर आणि दारणातून पाणी खाली सोडायची वेळ येते तेव्हा आमच्या गावात काय वातावरण असतं ते मला माहीत आहे, आणि खाली तुमच्याकडे काय असतं तेही ऐकलंय.

1959 च्या करारात इथिओपिया नव्हता, तसेच कॅम्प डेव्हिडमध्ये पॅलेस्टिनी नव्हते. सुलभाताई, दोन दिवस तुम्ही हेच सांगत होतात, ते मला आत्ता पाण्यावरून नीट कळलं. सादातांबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. सिनाई त्यांनीच परत आणलं. पण मसुद्यातलं ते स्वायत्ततेचं कलम आता मूळातून वाचायचं आहे. मराठीत कुठे मिळेल का?