मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या 'कॅप्टन व्योम'च्या कॅसेट

१९९८ साली दूरदर्शनवर लागणारी केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका पुन्हा बघायचीय. नेटवर शोधा म्हणू नका; मला घरी रेकॉर्ड केलेल्या तीन व्हीएचएस कॅसेटच उतरवून हव्यात, मधल्या जाहिरातींसकट. (मिलिंद सोमणच्या यानाचे इफेक्ट आठवून आता हसू येतं, ते सोडा.)

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. व्हीसीआरचं हेड खराब होईल म्हणून एकदाही लावून पाहिली नाही. नागपूरच्या सीताबर्डीत दोन दुकानं झाली. एक फक्त लग्नाच्याच कॅसेट करतो, दुसऱ्या भाऊंनी बुरशी बघूनच हात जोडले. कुरिअरने बाहेरगावी पाठवायच्या नाहीत. घाई नाही.

नागपुरात आधी टेप साफ करून मग पेनड्राइव्हवर उतरवून देणारं कोणी आहे का? नसेल तर बुरशी घरी कशाने पुसायची?