पाळक, पाद्री की फादर?

शाहूपुरीकर
मंडळी, एका अमेरिकन मालिकेची मराठी सबटायटल्स करतोय आणि एका शब्दावर अडलोय. मुख्य पात्र प्रॉटेस्टंट पास्टर, म्हणजे त्यांच्या चर्चचा धर्मगुरू. मी 'पाळक' लिहिलं. तपासणाऱ्यांना ती टायपिंगची चूक वाटली, त्यांनी सगळीकडे 'पालक' केलं. 'पालकांनी मयताची प्रार्थना घेतली' असं वाक्य झालं. खुलासा पाठवला तर निरोप आला, "फादर करा, लोकांना तेच कळतं." तिसऱ्या भागात त्याची बायको बाळंत होते. फादर म्हणजे कॅथलिक, ते लग्नच करत नाहीत. मग फादरची बायको बाळंत कशी दाखवू? 'पाद्री' चालेल का?

मिरजकर
पाद्री म्हणजे पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बापच. अडचण तिथंच राहते. शिवाय शब्द बोचतो. आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. घरात कायम 'पाळकसाहेब'. गल्लीतली पोरं 'पाद्री आला, पाद्री आला' ओरडायला लागली की ती दार लावून घ्यायची.

गंगावेस
बोचतो हे मान्य नाही. पोरांच्या ओरडण्याचा दोष शब्दाला कशाला? तरी माझं मत 'धर्मोपदेशक'. शुद्ध आहे, घोळ नाही.

शाहूपुरीकर
"धर्मोपदेशक, लवकर चला, आई पडली" असं कोण बोलतं हो? ओळ दोन सेकंद दिसते.

कागलचा
पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मराठी बायबलात तेविसावं स्तोत्र 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' असंच सुरू होतं. म्हणजे पाळक हा नेमका शब्द. पालक आणि पाळक मुळात एकच, पण एका ळ नं केवढा फरक पडलाय बघा. आमच्याकडं बकरी राखणाऱ्याला मात्र पाळक कुणी म्हणत नाही.

वसईकर
फादरला परकं करू नका. आमच्या वसईत तो मराठीच शब्द आहे, मिस्सा, म्हणजे आमची कॅथलिकांची उपासना, मराठीत होते. घोळ हिंदी सिनेमानं घातला. 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा. तेव्हापासून ख्रिस्ती म्हटलं की लोकांना अंड्यातून बाहेर येणारा अँथनीच आठवतो. नाहीतर गाऊन घातलेली आंटी. माझी आजी जन्मभर लुगडं नेसली. तिला पडद्यावर कधी पाहिलं नाही.

रंकाळाकाठ
आणि आम्ही तर त्या पडद्याच्या बाहेरच. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले १८५२ साली, पुढं मिशन प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याच एका पंथाचं. आमच्याकडं कन्फेशनची जाळीच नाही. तरी ऑफिसात मला विचारतात, "तू फादरला पापं सांगतोस का?" सिनेमात बघितलेलं असतं. आमच्या उपासनेत पेटी, तबला आणि रेव्हरंड टिळकांचे अभंग. सासूबाई अजून 'देवळात जाऊन येते' म्हणतात.

गंगावेस
देऊळ? चर्चला? हे ओढूनताणून आहे. देऊळ म्हटलं की मूर्ती आली, गाभारा आला.

कागलचा
देऊळ आलाय 'देवकुल' वरनं, देवाचं घर. त्यात मूर्तीची अट कुठं आहे?

मिरजकर
बायबलात यरुशलेमचं 'मंदिर' आणि ख्रिस्ती समुदायाला 'मंडळी'. शाहूपुरीकरांनी पहिलाच शब्द तो वापरलाय, बघा.

गंगावेस
व्युत्पत्तीनं काय होतं? आज दहा जणांना विचारा, देऊळ म्हणजे काय ते.

रंकाळाकाठ
दहा जणांत आमच्या सासूबाई धरणार का? त्यांची मराठी कुणाची उसनी नाही. सत्तर वर्षं त्या हाच शब्द बोलतायत.

शाहूपुरीकर
फाईल उद्या दुपारी द्यायचीय. मी 'पाळक' परत घालतोय, पहिल्यांदा येईल तिथं 'पाळकसाहेब', म्हणजे टायपिंगची चूक वाटायची नाही. पास्टरच्या बायकोला काय म्हणतात तेवढं कुणी सांगेल का?

वसईकर
मूर्तीचंच म्हणाल तर आमच्याकडे आहेत की मूर्ती, मग आमच्या चर्चला देऊळ म्हणाल का?

रंकाळाकाठ
आमच्या सासूबाईंच्या गावी तर चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात.