वेडेलिया की सीताअशोक?

परसबागवाली: घरामागे ओलसर सावली आहे, नर्सरीवाला म्हणतो वेडेलिया (जमिनीवर पसरणारी वेल) टाका लगेच हिरवंगार होईल, पण मला सीताअशोक लावायचाय, दोन्ही एकत्र चालेल का?

कुंपणकर: वेडेलिया नको हो ताई! मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, जमिनीला टेकलेल्या पेरापेरातून मुळं फुटतात, मी दोन वर्षं उपटतोय तरी पिवळी फुलं हजर.

रानवाट: सीताअशोक धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक रेड लिस्टवर ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) गटात आहे, अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी साल सोलून सोलून जंगलातली झाडं संपतायत, म्हणून नक्की लावा. फक्त अशोक म्हणून सरळसोट आसुपालव (खोटा अशोक) गळ्यात मारतील, खऱ्या अशोकाला खोडा-फांद्यांवरच केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, लोंबती.

परसबागवाली: मग अशोकच, खाली वेडेलियाऐवजी पाचोळा राहू दे.