अनुभव धागा: कॅम्परव्हॅनने ऑकलंड ते वेलिंग्टन

आईबाबा न्यूझीलंडला येताहेत. ऑकलंडहून कॅम्परव्हॅन घेऊन गावं-शिवारं बघत वेलिंग्टनच्या बंदराशी पोचायचा बेत आहे. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. ठिकाणांच्या याद्या भरपूर मिळतात. मला गाडीत राहण्याचे अनुभव हवेत. बाबांचे गुडघे दुखतात.

*

मग झोपायची सोय आधी बघा. बऱ्याच व्हॅनमध्ये एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, शिडीने चढावं लागतं. खालचा म्हणजे जेवायचं टेबल खाली करून त्यावर गाद्या मांडायच्या. आमच्या सासूबाईंना पहाटे चहा लागतो, आणि अंथरूण आवरल्याशिवाय बसायला जागाच नाही! भाडं जास्त पडलं तरी मागे कायमचा पलंग असलेली गाडी घ्या.

*

संडासाबद्दल लिहितो, कारण घरातले सगळे हाच प्रश्न मनात ठेवून असतात. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं. त्यातून टाकी ओढून काढायची, डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची, नळी वळवून ओतायची. ओतताना हवेचं बटण दाबून धरलं की उसळी न घेता सरळ रिकामी होते. मग पाण्याने खळखळून घ्यायची. दोनदा केलं की किळस जाते. 2023 च्या कायद्यानंतर ‘सेल्फ-कंटेन्ड’ (म्हणजे पाणी-संडासाची सोय गाडीतच असल्याच्या) प्रमाणपत्रासाठी संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, आणि नगरपालिकांच्या बहुतेक मोफत जागांवर मुक्कामाला ते प्रमाणपत्र लागतं. गाडी ठरवतानाच विचारा.

*

आईंना सांगा, मसाले-लोणची विमानतळावर जाहीर करायची. मध आणायचाच नाही. न सांगता सापडलं तर 400 डॉलर दंड. आणि फोडणी गाडीत नको. धुराचा अलार्म बोंबलतो तो बोंबलतोच, हिंगाचा वासही गाद्यांत बसतो. हॉलिडे पार्कच्या, म्हणजे पैसे देऊन गाडी लावून राहायच्या तळाच्या, सामायिक स्वयंपाकघरात मोठ्या शेगड्या असतात. ताऊपोला तिथे आम्ही पिठलं केलं आणि तळ्याकाठी बसून जेवलो. इतकं चवदार पिठलं घरी होत नाही.

*

ताऊपोपुढे डेझर्ट रोड लागतो. उजवीकडे रुआपेहू, 2,797 मीटरचा जिवंत ज्वालामुखी. उंच गाडीला वारा आडवा लागतो, वेग कमीच ठेवा. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो, सकाळी चौकशी करून निघा. ताइहापेकडची हिरवी टेकाडं मात्र घाईत ओलांडू नका.

*

मी वेलिंग्टनलाच राहते. न्गौरंगाच्या घळीतून उतरलात की एकदम समोर बंदर येतं. रोज बघूनही मला आनंद होतो. इथे गाडीचं दार हाताने धरूनच उघडा, वाऱ्याने उलटं फिरून बिजागरी जाते. शहरातल्या बहुमजली पार्किंगमध्ये उंच व्हॅन मावत नाहीत. फेरीबोटीने पुढे दक्षिण बेटावर पिक्टनला जाणार असाल तर चढण्याआधी गॅसच्या बाटलीची तोटी बंद करायची असते. आणि वेलिंग्टनमध्ये शक्यतो दुपारीच पोचा, मुक्कामाच्या जागा संध्याकाळपर्यंत भरतात.